मुर्री–दरेकसा सेक्शनचा गोला

त्या दिवशी मुर्री आणि दरेकसा यांच्यामधल्या बोगद्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या. एक मुर्रीहून सुटली होती, दुसरी दरेकसाहून. दोन्ही गाड्यांत गोला होता. मुर्रीच्या मास्तरांनी बटण बंद केलं, बाही वर सारली आणि बोगद्यात हात घातला.

माणूस दगावला नाही. त्या गाड्यांत माणूस मावतच नव्हता. इंजिन तळहातावर बसेल एवढं, डबे काडेपेटीपेक्षा थोडे लांब. मुर्री म्हणजे मास्तरांच्या घराची पुढची खोली, दरेकसा म्हणजे मागची, आणि बोगदा म्हणजे दोन खोल्यांमधल्या जाड भिंतीला त्यांनी स्वतः छिन्नीनं पाडलेलं भोक. हे आधीच सांगते. वाचताना कोणाला हसू आलं तर येऊ द्यावं. आम्हीही त्या खोल्यांत पुष्कळ हसलो आहोत, फक्त गाडी सेक्शनात असताना नाही.

मास्तर माझे घरमालक. गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून मी आले, तेव्हा शहराच्या कडेला मुर्री या गावात एका घराची वरची खोली रिकामी आहे असं कोणी सांगितलं. मी गेले तर दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ पांढरा कोट घालून उभे. भर उन्हात कोट. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "सिग्नल मिळालेला आहे. गाडी उभी आहे. ड्रायव्हर घाई करून राहिला. पण हातात गोला नाही. गाडी काढाल का?"

गोला म्हणजे काय, हेही मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आमच्याकडे कार्डाशिवाय पुस्तक बाहेर जात नाही. प्राचार्यांना हवं असलं तरी नाही."

ते दारातून बाजूला झाले. मग आत तोंड करून म्हणाले, "आयकलं का वं, दरेकसाले मास्तर भेटला."

आतून बाईचा आवाज आला, "मास्तर राहू द्या, पानी तं विचारा तिले. उन्हाची आली हाय."

असं मला घर मिळालं, आणि संध्याकाळचं एक काम.

एकेरी लाईनवर जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीला रूळ एकच. म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी, ज्याला रेल्वेतली माणसं सेक्शन म्हणतात, ड्रायव्हरच्या हातात एक लोखंडी गोला द्यायचा. गोला ज्याच्याकडे, लाईन त्याची. पलीकडच्या स्टेशनात तो काढून घ्यायचा, मगच उलटी गाडी सोडायची. मास्तरांची उमेदीची सारी वर्षं या कामात गेली होती. गोंदियात नॅरो गेजला कोणी नॅरो गेज म्हणत नाही, छोटी लाईन म्हणतात. मास्तर छोट्या लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांत राहिले. पुढे ती लाईन उखडली, तिच्या जागी मोठी आली, आणि निवृत्तीपर्यंतचा काळ त्यांनी मोठ्या लाईनवर बटणं दाबत काढला. त्याबद्दल ते एकच वाक्य बोलत. "हातात काही येतच नाही तिथं."

घरच्या लाईनसाठी त्यांनी गोला शोधला तो भाताच्या मिलमध्ये. जुन्या बेअरिंगमधली एक लोखंडी गोळी, सुपारीएवढी. तिच्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका. इंजिनामागच्या उघड्या डब्यात ती बसे आणि गाडीबरोबर भिंतीतून ये-जा करी. पुढच्या खोलीत ते, मागच्या खोलीत मी. एकमेकांना दिसायचं नाही, हाक मारायची नाही. "स्टेशनं बोलत नाहीत," ते म्हणत, "घंटी देतात." दोन्हीकडे सायकलची एकेक घंटी स्क्रूनं बसवलेली होती. गाडी सुटली की वाजवायची.

एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमची खरी लाईन का नाही केली? दरेकसाला छोटी लाईन कधी नव्हतीच."

ते बांबूच्या काडीचे स्लीपर कापत होते. मान वर न करता म्हणाले, "जे लाईन होती ते उखडली. जे कधी नव्हतीच, ते कोन उखडते?"

दरेकसा काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, माहेर. डोंगरातलं, जंगलातलं गाव. मोठ्या लाईनवरचं लहान स्टेशन. त्यांचे वडील जंगलात मजुरीला जात, आणि काकू लहानपणी टेंभरं आणि मोहफुलं घेऊन गाडीवर विकायला येत. मास्तरांनी मागच्या खोलीतलं दरेकसा काकूंना विचारून विचारून उभं केलं होतं. डोंगर भाताच्या तुसाचा आणि वर्तमानपत्राच्या लगद्याचा. काकू दारात उभ्या राहून सांगत, "एवढा उंच नाही जी डोंगर. तुमी का हिमालय करून राहिले?" की दुसऱ्या दिवशी डोंगर उतरे. सगळं काकूंच्या शब्दाप्रमाणे झालं, एक सोडून. काकूंचं घर खरं तर स्टेशनपासून लांब, नाल्यापलीकडे. मास्तरांनी ते फलाटाला लागून ठेवलं होतं. काकूंनी पुष्कळ वेळा टोकलं. ते ऐकत नसत. "गाडीतून उतरली की घर," एवढंच म्हणत.

आणि तरीही काकूंना लाईनवर बंदी होती. माझ्या येण्याच्या कितीतरी आधी, झाडताना, त्यांनी सेक्शनात उभं असलेलं इंजिन हातानं सरकवलं होतं. गोला नसताना. मास्तरांनी त्यांना सस्पेंड केलं, आणि ते सस्पेन्शन कधी उठलंच नाही. काकू जेवताना वाढता वाढता मला सांगत, "माह्या माहेरची लाईन अन् मलेच बंदी. सांगा बाई, कोन्या कोर्टात जाऊ?" मास्तर शांतपणे भाजी मागून घेत.

मलाही एकदा झालं होतं. गाडी आली, मी गोला काढून न घेता पाणी प्यायला गेले. परत आले तर ते दरेकसाच्या दारात उभे. "गाडी फलाटावर, गोला डब्यात, अन् मास्तर माठापाशी." आठवडाभर मला खाली यायची मनाई. काकू माझं ताट वर आणून देत आणि म्हणत, "मीच बरी, कायमची सुटली."

ही शिस्त त्या दोन खोल्यांपुरती नव्हती. आमच्या बोळात दोन ऑटो समोरासमोर आले की मास्तर बाहेर येत आणि हातातला पंचा एकाला देत. पंचा ज्याच्याकडे, तो आधी. ऑटोवाले हसत. "मास्टरजी, लाइन क्लियर दे दो, सवारी चिल्ला रही है." पण पंचा घेत, आणि बोळाच्या टोकाला काढून देतही. घरात दोघंजण एकदम बोलू लागले की मास्तर गप्प होत आणि तळहात उघडा करून पुढे धरत. त्याचा अर्थ, गोला कोणाकडे आहे ते आधी ठरवा.

चुकाही त्यांच्याच तऱ्हेच्या. रुळाखाली खडी हवी म्हणून त्यांनी मिलमधून कनकी, म्हणजे तांदळाची कणी, आणली, राखाडी रंगवली आणि सबंध लाईनभर पसरून डिंकानं चिकटवली. दिसायला खरी खडी. पावसाळ्यात भिंतीतून मुंग्या निघाल्या आणि बोगद्याच्या तोंडापासून रूळ उघडे पडत गेले. मास्तर भिंग घेऊन बघत बसले. "ट्रॅक खाऊन राहिल्या," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "खिरीची कनकी रुळाखाली टाकली, वरून डिंक. मुंग्यानं का उपास करावा?" पुढे त्यांनी मुरूम चाळून घातला. महिनाभर लाईन बंद होती. त्या महिन्यात त्यांना नीट झोप लागली नसावी, कारण सकाळी मी कॉलेजला निघताना ते दारात उभे असत आणि गाडीच नसलेल्या वेळी घड्याळ बघत असत.

संध्याकाळच्या त्या कामाला खेळ म्हणणं मला कधी जमलं नाही. दिवेलागणीला मी दरेकसाच्या स्टुलावर बसे. पलीकडून घंटी वाजे. मग भिंतीत घरघर सुरू होई. गाडी दिसत नाही, फक्त आवाज. वळणावर एक चाक कुरकुरे. तेवढ्या वेळात सेक्शन दुसऱ्या कोणाचा नाही, आणि मी बटणाला हात लावायचा नाही. ती भिंत ऐकत बसताना माझे खांदे ताठ होत. मग भोकातून इंजिनाचं तोंड बाहेर येई, मागे उघडा डबा, डब्यात लाल ठिपका. तो उचलला की श्वास सुटे. दिवसभर पुस्तकांत बसणाऱ्या मला असं काही लागत होतं, हे तिथं बसेपर्यंत माहीत नव्हतं.

गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात मास्तर विसरू लागले. चष्मा, चावी, शेजाऱ्याचं नाव. आणि गोला. पहिल्यांदा तो तांदळाच्या डब्यात सापडला, मग त्यांच्याच जोड्यात. गोला नाही म्हणजे लाईन बंद. लाईन बंद म्हणजे मास्तर जेवत नसत, बोलत नसत, खोल्या पालथ्या घालत. एका दुपारी ते दिसेनात. काकू घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. आम्ही दोघी निघालो. मास्तर मोठ्या रस्त्यावर सापडले, गोंदियाच्या बाजूला, पांढऱ्या कोटात, रस्त्याच्या कडेची धूळ बघत चाललेले. ट्रक अंगावरून जात होते. "पडला असन इकडंच," ते म्हणाले, "गाडी तं इकडूनच गेली." एका ऑटोवाल्यानं त्यांना ओळखलं आणि काही न विचारता आम्हा तिघांना घरी आणलं. उतरताना मास्तरांनी तळहात पुढे केला. ऑटोवाल्यानं क्षणभर बघितलं आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला.

त्यानंतर गोला हरवला नाही. चष्मा हरवत राहिला, चावी हरवत राहिली. गोला रोज मुर्रीच्या टेबलावरच्या आपल्या वाटीत असे. मला बरं वाटलं. वाटलं, जे माणसानं जन्मभर धरलं ते सगळ्यात शेवटी सुटत असेल. काकूंना मी तसं म्हणालेही. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "असन बाई."

मग थंडी आली, आणि तो दिवस.

मास्तरांनी त्या संध्याकाळी पेटीतली लोकरी बंडी काढून घातली होती. गाडी मुर्रीहून दरेकसाला आली, मी गोला काढून घेतला, परतीची गाडी तयार केली, गोला डब्यात ठेवला, बटण फिरवलं, घंटी दिली. भिंतीत घरघर सुरू झाली. रोजच्यासारखी नव्हती. दोन चाकं कुरकुरत होती. मला कळायच्या आत आत कुठंतरी टिनाचा टिनावर आवाज झाला, आणि मग काही नाही.

मी पुढच्या खोलीत गेले. स्टेशनं एकमेकांकडे चालत जात नाहीत, पण मी गेले. मास्तरांनी बटण बंद केलेलं होतं. त्यांनी बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात बोगद्यात घातला. गाल भिंतीला टेकलेला, डोळे मिटलेले. एक इंजिन काढून टेबलावर ठेवलं. मग दुसरं. मग पुन्हा हात घालून चाचपलं आणि एक गोला काढला. तो त्यांनी वाटीत ठेवला. त्यांचं तोंड जरा सैल झालं. मग, सवयीनंच असेल, बोगदा साफ आहे ना बघायला त्यांनी पुन्हा हात घातला, आणि दुसरा गोला बाहेर आला.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. हाताला पीठ होतं.

मास्तर दोन्ही गोले बघत राहिले. त्यांनी दुसरा गोला पहिल्याशेजारी ठेवला, वाटीवर ताटली झाकली आणि म्हणाले, "लाईन बंद. उद्या सकाळी चौकशी."

सकाळी मी तयार होत होते तेव्हा काकू वर आल्या. बसल्या नाहीत.

"दुसरा गोला माहा हाय," त्या म्हणाल्या. "त्याईले रोडवरून आनलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिलच्या फिटरपासून मागून आनला. ठिपका लावला नखाले लावतेत त्या लाल रंगाचा. कमरेले ठेवतो. त्यायचा हरवला की हा वाटीत ठेवतो. मंग त्यायचा शोधून काढतो, अन् हा पुन्हा कमरेले. काल त्यायचा सापडलाच नाही मले. बंडीच्या खिशात होता. उन्हाळ्याच्या आधीपासून पेटीत होती ते बंडी. मधात कवा ठेवला त्याईनं, देव जाने."

मला तेव्हा उलगडलं. काकूंचा गोला घेऊन गाडी माझ्याकडे आली होती. मी तो परत पाठवला. इकडे मास्तरांनी खिशात हात घातला, हाताला गोला लागला. गोला हातात म्हणजे लाईन आपली. त्यांनी मुर्रीच्या फलाटावरची दुसरी गाडी सोडली. दोन्ही घंट्या एकदम वाजल्या, म्हणून कोणाला दुसऱ्याची ऐकू आली नाही. नियम कोणीही मोडला नव्हता.

"डॉक्टर म्हनला," काकू म्हणाल्या, "इसर वाढतच जाईन. सवयीचं काम सुटू देऊ नोका, तेवढंच धरून ठेवीन. आता त्याईले समजलं का गोला आपल्या हातून हरवत होता, तं ते खुर्ची सोडतीन. तुमाले माहीत हाय त्यायचा नियम. अन् खुर्ची सोडली का मंग त्या मानसाजवळ का राहीन?" दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मी माह्यावर घेतो. तुमी फक्त तुमच्या स्टेशनचं सांगा."

पुढच्या खोलीत टेबलावर एक सतरंजी टाकली होती. मास्तरांनी दाढी केली होती, पांढरा कोट घातला होता. समोर वाटी. मला त्यांनी स्टुलावर बसवलं. कॉलेजातल्या कुठल्याही मुलाखतीत मी इतकी ताठ बसलेली नाही.

"मॅडम, तुमच्या गाडीत गोला होता?"

"होता."

"पाहून ठेवला?"

"पाहून."

"घंटी?"

"दिली."

"माझी आयकू आली?"

"नाही."

"मले बी तुमची नाही आली." त्यांनी वाटीवरची ताटली काढली. "माझ्याही गाडीत गोला होता. म्हनजे दोघं बी नियमात, अन् गाड्या भिडल्या. असं होत नाही."

त्यांनी एक गोला उचलून ठिपक्यावर नख ओढलं. काही झालं नाही. दुसऱ्यावर ओढलं. लाल पापुद्रा नखाखाली आला. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला.

"मी आनला जी तो," काकू दारातून म्हणाल्या. "मिलमधून."

"काऊन?"

"मजा म्हनून. तुमी मले लाईनीवर येऊ देत नाही. म्हटलं पाहू, मास्तरले समजते का." त्यांचा आवाज नेहमीसारखाच खडखडीत होता, हात मात्र पदरात गुंडाळलेले. "चुकलं माहं. सस्पेन करा. तसंबी हावोच."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.

"इंजिन हातानं सरकवलं होतं तू," ते म्हणाले. "मी विचारलं तं म्हटलं, हो सरकवलं, का करता ते करा. तुले खोटं बोलता येत नाही."

"आता शिकली."

"नाही शिकली." त्यांनी दोन्ही गोले तळहातावर घेतले. गोले एकमेकांवर वाजले. "उन्हाळ्यात गोला हरवून राहिला होता. मंग हरवनं बंद झालं. चष्मा हरवते. चावी हरवते. या बाजूच्याचं नाव हरवते मले, सकाळी आठवून ठेवतो, दुपारी नसते. पन गोला हरवत नाही. मले वाटे..." त्यांनी मूठ मिटली. "मले वाटे, सारं सुटून राहिलं तरी गोला नाही सुटत माझ्या हातून."

काकूंनी तोंडाला पदर लावला, मग काढला. "नाहीच सुटला जी," त्या म्हणाल्या. "तुमच्याच खिशात तं होता."

"मले कुठी माहीत होतं?"



मास्तर उठले. त्यांनी कोट काढला आणि खुंटीला अडकवला. "मास्तरले माहीत नाही गोला कुठी आहे, तं तो मास्तर नाही," ते म्हणाले. त्यात राग नव्हता, निकाल होता. ऑइलपेंटचा ठिपका असलेला गोला त्यांनी माझ्या हातात दिला. "हा मिलवाल्याले वापस करा." आणि नखरंगाचा वाटीत ठेवला. "हा राहू द्या."

मी म्हटलं, "मास्तर, तुमचा तर हा आहे."

"तो खिशात होता, अन् मले माहीत नव्हतं. त्याचा भरवसा नाही. ह्याच्यावर तिचं ध्यान आहे." वाटी उचलून ते काकूंपुढे गेले. "मुर्रीचा चार्ज घे."

"मले नाही पाहिजे तुमचा चार्ज."

"स्टेशन रिकामं राहत नाही. घे."

काकूंनी वाटी घेतली. मास्तर दाराकडे निघाले. बाहेर बोळ, बोळापुढे रस्ता. त्यांची पाठ मी बघत होते आणि मला तो उन्हाळ्यातला रस्ता आठवत होता. माझ्यासारखंच काकूंनाही आठवत असणार.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आता मी मास्तर ना?"

"हो."

"माह्यं आयकनं पडीन ना तुमाले?"

ते वळले. "ड्युटीवरच्या मास्तरचं सारेच आयकतात."

"मंग काट्यावर बसा. मुर्रीले काटेवाला नाही."

काटा म्हणजे रूळ बदलायचा खटका. टेबलाच्या कडेला सायकलच्या स्पोकचा दांडा होता, तो ओढला की गाडी फलाटाच्या लाईनवर वळे. इतके दिवस मास्तर तो डाव्या हातानं, न बघता ओढत. ते त्या दांड्याकडे बघत उभे राहिले.

"मी? काटेवाला?"

"काटेवाल्यानं मास्तरले उलटं विचारू नाही. तुमीच सांगत होते."

मला वाटलं, ते बाहेर पडतील. मग त्यांनी काट्याजवळचं स्टूल पायानं ओढलं, बसले आणि दांड्यावर हात ठेवला. "कोनती लाईन, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"बसा तं आधी नीट," काकू म्हणाल्या. "चहा आनतो."

मी गोला फिटरला परत नेऊन दिला. त्यानं तो पुसून खोक्यात टाकला, खोक्यात तशाच पुष्कळ गोळ्या होत्या.

त्यानंतर वर्षभर लाईन चालली. काकूंना मोठी घाई. त्या गाडी जोरात सोडत आणि वळणावर डबे उलटत. मास्तर काट्यावरून फक्त तळहात खाली दाबून दाखवत, हळू. शब्दानं टोकत नसत. भिंतीपलीकडून मला कधी कधी काकूंचंच ऐकू येई, "उतरली जी. हासू नोका." काकूंनी कोट घातला नाही. घंटी मात्र त्या लांब वाजवत, पुन्हा पुन्हा, पूजेतल्यासारखी. ते नियमात नव्हतं. मास्तरांनी ते चालू दिलं.

चष्मा, चावी, मग माझं नाव, मग त्या खोल्या. शेवटी शेवटी त्यांना काकूंचं नावही येईना. ही बाई आपली कोण, हे कळत नसावं. पण ती वाटीत गोला ठेवी आणि ते दांड्यावर हात ठेवून विचारत, "कोनती लाईन, मास्तर?" काकू सांगत. ती लाईन ते लावत. त्यात एकदाही चुकले नाहीत, असं काकू सांगतात. मी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला होते, मला ते दिसलेलं नाही. पण गाडी दर वेळी योग्य लाईनवरून आली, एवढं मी सांगू शकते.

या हिवाळ्यात ते गेले. दवाखान्यात नाही, घरीच, सकाळी. माणसं आली, दिवस झाले, माणसं गेली. काकूंच्या एका भाच्यानं टेबल काढून खोली मोकळी करून देतो म्हटलं. काकू म्हणाल्या, "हात नोको लावू. गोला नाही तुह्याजवळ." त्याला कळलं नाही. त्यानं हात लावला नाही.

काल दिवेलागणीला मी वर वाचत होते. वाचत होते म्हणजे पुस्तक उघडं होतं. खालून घंटी वाजली, लांब, पुन्हा पुन्हा. मी धावत उतरले आणि दरेकसाच्या स्टुलावर बसले. भिंतीत घरघर होत होती. काटा कोणी लावला असेल, हे मी विचारात आणलं नाही. एकाच माणसानं बटण फिरवून दांडा धरायचा म्हणजे दोन्ही हात अडकतात. गाडी वळणावर अडखळली, थांबली, पुन्हा निघाली. मग इंजिन बाहेर आलं. मागे उघडा डबा, डब्यात लाल ठिपका.

परतीची गाडी मी अजून काढलेली नाही. पलीकडून काकूंनी हाक मारली नाही, स्टेशनं बोलत नाहीत. आज सकाळी चहा देताना एवढंच म्हणाल्या, "घाई नाही बाई. लाईन तुमची हाय."

मास्तरांचा कोट खुंटीवर आहे. काट्याजवळचं स्टूल तिथंच आहे. गोला एक आहे, त्याच्या ठिपक्याचा रंग नखानं ओढला त्या ठिकाणी उडालेला आहे, आणि तो सध्या दरेकसाला आहे.